म्हणे, एकदा तरी पिल्लं होऊ द्या!
"मांजरीला एकदा पिल्लं होऊ दे, मग नसबंदीचं ऑपरेशन करू." कोणी भरवलंय हे डोक्यात? मांजर चार महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते! उलट पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. तरी थांबायचंच. मग डोळेही न उघडलेली पिल्लं खोक्यात घालून प्राण्यांच्या निवाऱ्याच्या दारात! अहो, त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईच्या दुधाने जुलाब होतात. शू-शी व्हावी म्हणून कोमट, ओल्या कापसाने पुसावं लागतं. खच्चून भरलेल्या निवाऱ्यात हे करायचं कोणी?