खालचा आकडा म्हणजे बॅटरी

बीपीची गोळी सुरू झाल्यापासून गरगरतंय? मग एक पथ्य कडक पाळा. डॉक्टरांना सांगू नका. बाकी सगळ्यांना सांगा. एसटीच्या थांब्यावर सांगा, मासे घेताना मासेवालीला सांगा, देवळाच्या पायरीवर तर सांगाच. आमच्या मालवणाकडच्या वाडीत चक्कर ही सार्वजनिक मालमत्ता आहे, येणारा-जाणारा आपलं निदान टाकून जातो. "पित्त झाला असतला." "उष्ण पडला." बांधावरून ज्यांचं शेजाऱ्याशी वाजलेलं आहे, त्यांच्या मते कोणीतरी काहीतरी 'केलेलं' असतं. मग देवचाराला नारळ कबूल होतो, गाऱ्हाणं घातलं जातं. गोळीचं नाव मात्र त्या गाऱ्हाण्यात येत नाही. डॉक्टरनेच दिलेली गोळी, तिच्याने कशी चक्कर येईल?

आता यंत्राबद्दल. मुलाने ठाण्याहून डिजिटल यंत्र आणून दिलेलं असेलच. दंडाला पट्टा, बटण दाबायचं, वरचे दोन आकडे मोठ्याने वाचायचे. खाली तिसरा आकडा येतो, त्याकडे दुर्लक्ष करायचं. आमच्या आबांनी (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय वर्षं चौऱ्याहत्तर) तीन आठवडे तो आकडा म्हणजे बॅटरी असंच धरलं होतं. रोज सकाळी दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहायचे. ७२ होता, मग ५८ झाला, मग ४६. "सेल उतरले," म्हणाले, आणि भर दुपारी बाजारात चालत जाऊन चार पेन्सिल सेल घेऊन आले. नव्या सेलांवर ४४. आबा तसेच परत गेले आणि दुकानदाराशी भांडले, "ह्ये डुप्लिकेट आसत." दुकानदार भला माणूस, त्याने बदलून दिले. त्या येण्याजाण्यात आबा दोनदा पिंपळाच्या पारावर टेकले, पण ते उन्हामुळे.

तो आकडा नाडीचा असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० पडते. रोज पळणाऱ्या खेळाडूची त्याखालीही असते आणि त्याचं काही बिघडत नाही. तुम्ही खेळाडू नसाल, नाडी पन्नाशीच्या आत असेल आणि वर गरगरत असेल, तर नवीन सेल आणा.

गोळ्या दोन ठिकाणच्या घ्या, हे सांगायचं राहिलंच. आबांना एक गोळी कणकवलीच्या डॉक्टरांची आणि एक मुंबईची. गणपतीला आलेला मुलगा "तिकडच्या मोठ्या डॉक्टरकडून" लिहून घेऊन आला होता. एक गुलाबी, एक पांढरी. गुलाबी सकाळी, पांढरी रात्री, म्हणजे दोन्ही डॉक्टरांचा मान राहतो. पाकिटांवरची मोठ्या अक्षरांतली नावं वेगवेगळी. खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत दोन्हीकडे एकच शब्द होता, मेटोप्रोलॉल. पण मुंगीएवढी अक्षरं वाचायची नसतात. शिवाय काचबिंदूसाठी डोळ्यात टिमोलॉलचे थेंब. तेही त्याच घराण्यातले, डोळ्यातून रक्तात उतरतात आणि नाडी आणखी मंद करू शकतात. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं की थेंबांचं सांगायचं नाही. डोळ्याचा आणि काळजाचा संबंध फक्त गाण्यात असतो.

या घराण्याला नाव मिळवून देणारा प्रोप्रॅनोलॉल. तो १९६०च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधला, आणि १९८८ साली त्यांना नोबेलही मिळालं. हृदयाचे ठोके आवरावेत, त्याच्यावरचा भार हलका व्हावा म्हणूनच ही औषधं. आबांच्या अंगात ती नेमलेलं काम चोख करत होती, फक्त तिघं मिळून.

उठताना झटक्यात उठा. अंथरुणाच्या काठावर दोन मिनिटं पाय सोडून बसणं हे म्हाताऱ्यांचं काम. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० ने घसरला तर डॉक्टर त्याला नाव ठेवतात, म्हणून दवाखान्यात खुर्चीत बसूनच मोजून घ्या. लघवीची गोळी चालू असेल आणि वैशाखात घामाच्या धारा लागल्या असतील, तर त्याच दिवशी विहिरीवर पाणी शेंदायला जा.

आणि अगदीच कंटाळलात, तर गोळी एका दिवसात बंद करा. ठोके आवरणारी गोळी अशी एकदम सोडली की दाबून ठेवलेली धडधड उसळते, बीपी चढतं, हृदयाचा जुना आजार असेल तर झटक्यापर्यंत जाऊ शकतं. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, पण तेवढा वेळ कोणाला आहे! डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, तरी रात्री गाडी काढू नका. सकाळची एसटी आहेच.

आबांचं बिंग काकीने फोडलं. कॅलेंडरचं पान फाडून, गोळ्यांची दोन्ही पाकिटं आणि थेंबांची बाटली पिशवीत घालून ती त्यांना कणकवलीला घेऊन गेली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पाकिटं उलटी करून वाचली, एक स्वतःच्या खणात टाकलं आणि थेंब बदलण्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. पुढच्या आठवड्यात खालचा आकडा ६४ आला. आबांनी तो कॅलेंडरवर लिहिला, यंत्र पुसून डब्यात ठेवलं आणि मला म्हणाले, "आता सेल बरे गावले."