आधी कागद, मग कात्री

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजबद्दल आपल्या मंडळींचा एक समज पक्का असतो: दार सताड उघडं, फी भरा आणि आत जा. कॉलेजपुरतं ते खरंही आहे. पण त्याच इमारतीत सर्जिकल टेक्नॉलॉजीचा, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणाऱ्या तंत्रज्ञांचा, वर्ग भरतो, त्याला वेगळं दार आहे आणि त्याची कडी आतून आहे. कॉलेजचा अर्ज एक, प्रोग्रॅमचा दुसरा. मुदती वेगळ्या, पोर्टलं वेगळी, पासवर्ड तर वेगळे असायलाच हवेत. पहिल्या अर्जाला ‘अभिनंदन’ अशी ईमेल येते, पेढे वाटले जातात, आणि तेवढ्यात दुसऱ्याची मुदत टळून गेलेली असते. बहुतेक ठिकाणी ही खिडकी वर्षातून एकदाच उघडते.

जागा इतक्या कमी का, तर बाकं कमी आहेत म्हणून नव्हे. ऑपरेशन टेबलाशी उभं राहायला जागा नाही म्हणून. शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याला किमान १२० शस्त्रक्रियांमध्ये स्क्रब करावं लागतं, म्हणजे हात निर्जंतुक धुऊन, गाऊन-हातमोजे चढवून टेबलाशी उभं राहावं लागतं, आणि त्यातल्या ८० मध्ये ‘फर्स्ट स्क्रब’ म्हणून, म्हणजे हत्यारं आपल्याच हातून सर्जनच्या हातात गेली पाहिजेत. नुसतं कोपऱ्यात हात बांधून बघितलेलं मोजत नाहीत. एका टेबलाशी एकच शिकाऊ, त्याच्यावर नजर ठेवायला एक जुनंजाणतं माणूस, आणि त्याच खोलीत दाटीवाटीने उभे मेडिकलचे नि नर्सिंगचे विद्यार्थी. हॉस्पिटल जेवढे शिकाऊ घ्यायला तयार, तेवढाच वर्ग.

अर्ज भरण्याआधी मान्यता बघावी. सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल, तर पुढे एनबीएसटीएसए या संस्थेची सीएसटी परीक्षा, म्हणजे या पेशाच्या प्रमाणपत्राची परीक्षा, देताना घोडं अडतं. १७५ प्रश्न, गुण मात्र १५०चेच. उरलेले २५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून घातलेले, आणि ते कुठले हे सांगत नाहीत. या क्षेत्रातली विनोदबुद्धी साधारण अशीच असते.

आता माझं ठाम मत. तुम्हाला शस्त्रक्रियेची किती आवड आहे, याच्याशी निवड समितीला फारसं देणंघेणं नसतं. सील फुटलंय का, तारीख उलटलीय का, मोजणी जुळतेय का, हे तुम्ही स्वतःहून बघता का, एवढंच ती बघते. ऑपरेशन थिएटरमध्येही पुढे जन्मभर हेच करायचं असतं. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेचं, सीलबंद पाकीट घरी आलं आणि उत्सुकतेने फोडलं, की ते बाद. फाटलेल्या वेष्टनातला निर्जंतुक ट्रे जसा न वापरता परत जातो, तसंच. आत सगळं जागच्या जागी आहे, असं कितीही सांगा.

भारतातली पदवी असेल तर मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तेही ‘कोर्स-बाय-कोर्स’. स्वस्त म्हणून दुसरा प्रकार घेतला तर ‘यांची पदवी अमेरिकेतल्या अमुक पदवीच्या बरोबरीची’ एवढंच प्रशस्तिपत्र हाती येतं. जीपीए नाही, श्रेयांक नाहीत, म्हणजे गुणांकनात शून्य. त्यातही खरी गंमत नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेपटाला आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव एका अक्षरावर आलेलं. कॉलेजच्या संगणकाला या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात आणि तिघींचीही फाइल अर्धवट दिसते. विवाह नोंदणी दाखल्याची इंग्रजी प्रत पहिल्याच दिवशी जोडावी, आणि परीक्षा, लसी, ओळखपत्र सगळीकडे एकच नाव चालवावं.

मग येतं अ‍ॅनाटमी आणि फिजिओलॉजी, भाग एक आणि दोन, दोन्ही प्रयोगशाळेसकट, ‘सी’ किंवा वर. ‘सी मायनस’ म्हणजे ‘सी’ नव्हे, यावर हुज्जत घालून उपयोग नाही. पुष्कळ कॉलेजांत हे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, आणि परदेशातले तर अनेकदा मुळीच नाहीत. त्यामुळे आपल्याकडे बीएएमएस किंवा बीडीएस होऊन, मृतदेहावर विच्छेदन करून आलेली बाई एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर मांजराचे स्नायू ओळखत उभी असते. अपमान वाटून घेऊ नये. विज्ञान विषयांचा जीपीए बहुतेक ठिकाणी वेगळा काढतात, आणि एवढा सोपा ‘ए’ पुन्हा मिळायचा नाही.

टीझ ही प्रवेश परीक्षा सगळीकडे नसते, पण जिथे असते तिथे चांगलीच वजनदार असते. १७० प्रश्न, २०९ मिनिटं: वाचन ४५, गणित ३८, विज्ञान ५०, इंग्रजी ३७. आपली माणसं विज्ञानाचं पुस्तक झिजवतात आणि मार खातात वाचनात, कारण ‘लेखकाचा हेतू काय’ या प्रश्नाची चारही उत्तरं आपल्याला पटतात. गणित सोपं आहे, फक्त औंस, पौंड आणि इंच अंगवळणी पडायला हवेत. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा वापरायचा. निकालाचा स्क्रीनशॉट पाठवू नये, बहुतेक कॉलेजांना तो थेट परीक्षा संस्थेकडूनच लागतो. आणि परीक्षा कितीदा देता येईल, सर्वांत चांगले गुण धरतात की पहिल्या वेळचे, हे नियमपत्रकात बारीक अक्षरांत असतं. ते पत्रक मुळातून वाचणारा उमेदवार दुर्मीळ, म्हणूनच तो निवडला जातो.

लसींचं प्रकरण निवड झाल्यावर बघू म्हणणारे हमखास अडकतात, कारण कॅलेंडर कुणासाठी थांबत नाही. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासायची. निवडीनंतर सुरुवात केली तर पहिलं सत्र हातचं जातं. दोन डोसवालीही लस आहे, चार आठवड्यांच्या अंतराने. ती मागून बघावी. ‘लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, हवं तर आईला फोन लावा’ हा पुरावा चालत नाही. आयजीजीची, म्हणजे जुनी प्रतिकारशक्ती दाखवणारी, रक्त तपासणी लागते, आणि चुकून आयजीएमचा कागद आणला तर पुन्हा सुई.

क्षयाच्या तपासणीत तर आपला दंडच आडवा येतो. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाचच फुगू शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढचं शुक्लकाष्ठ. त्याऐवजी रक्तावरची क्वांटिफेरॉन चाचणी मागावी, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्वचेचीच करायची वेळ आली तर गुरुवारी टोचून घेऊ नये. ती ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते, म्हणजे नेमकी शनिवार-रविवारी, दवाखाना बंद असताना. शिवाय एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) टोचली की क्षयाची चाचणी त्याच दिवशी करावी, नाहीतर चार आठवडे थांबावं. हा क्रम चुकला की महिना गेलाच.

अमली पदार्थांसाठी होणाऱ्या लघवीच्या तपासणीआधी ‘नीट व्हावी’ म्हणून तांब्यावर तांबे पाणी पिऊ नये. नमुना पातळ निघाला तर पुन्हा बोलावतात, वर संशयाने बघतात. आणि दिवाळी जवळ असेल तर अनारसे दुरूनच बघावेत. खसखशीमुळे चाचणीत अफूवर्गीय अंश दिसू शकतो, आणि निकाल बघणाऱ्या माणसाला अनारसा समजावून सांगणं हे टीझपेक्षा अवघड आहे. बीएलएसचं, म्हणजे थांबलेलं हृदय-श्वास चालू ठेवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्रही नीट पारखून घ्यावं. बहुतेकांना अमेरिकन हार्ट असोसिएशनचं ‘बीएलएस प्रोव्हायडर’च लागतं, मुदत दोन वर्षं. सोफ्यावर बसून तासाभरात मिळवलेलं पूर्ण ऑनलाइन प्रमाणपत्र छापून फ्रेम करायलाच बरं.

निबंधात ‘मला रुग्णांशी बोलायला फार आवडतं’ असं लिहू नये. रुग्ण बहुधा भुलीखाली असतो. हे वाक्य वाचलं की समितीला कळतं, हा अर्ज मुळात नर्सिंगचा, तिथे जमलं नाही म्हणून इकडे वळवलेला. त्यापेक्षा काम ठाऊक आहे हे दिसू द्यावं: पोटात रक्त टिपायला वापरायचे लॅप स्पंज पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, सर्क्युलेटिंग नर्सबरोबर (टेबलापासून दूर राहून सामान पुरवणारी नर्स) ते एकेक सुटा करून मोठ्याने मोजायचे, आणि गठ्ठ्यात चारच निघाले तर अख्खा गठ्ठा मोजणीतून बाहेर काढायचा. ‘एक कमी असेल, चालवून घ्या’ हे आपलं राष्ट्रीय धोरण तिथे अजिबात चालत नाही.

मुलाखतीत एक प्रश्न हटकून येतो. तुमचा हातमोजा निर्जंतुक नसलेल्या भागाला लागला, कुणी पाहिलं नाही, काय कराल? उत्तर एका दमात द्यावं: लगेच सांगेन, हातमोजा बदलेन. ‘सर्जन कोण आहे त्यावर अवलंबून’ असं म्हणून गालातल्या गालात हसणाऱ्याला समितीही हसून निरोप देते. मुलाखतीला जाताना लांब किंवा खोटी नखं नकोत. अंगठ्या, बांगड्या पुढे स्क्रबआधी उतरवाव्याच लागतात, त्याला तयारी आहे का असंही विचारतात. सासूबाईंची परवानगी घेऊन ठेवावी.

नंबर नाही लागला तर प्रतीक्षा यादी. अकरावीच्या दुसऱ्या यादीसारखी ती पुढे सरकते खरी, पण बऱ्याच कॉलेजांत वर्षअखेरीस पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. मधल्या काळात हॉस्पिटलच्या स्टराइल प्रोसेसिंग विभागात, म्हणजे हत्यारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात, नोकरी मिळाली तर सोडू नये. त्या कामाच्या सीआरसीएसटी प्रमाणपत्राला ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यात केली, कोकर, बॅबकॉक सगळे चिमटे ओळखीचे होतात, आणि काही कॉलेजं अशा अनुभवाला वेगळे गुणही देतात. एच-फोरवाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण नोकरीसाठी ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, लागतं, हे अर्ज करण्याआधी घरात बोलून घ्यावं.

आणि उन्हाळ्यात फोन उचलत जा. कुणीतरी फी भरत नाही, कुणाची लघवी पातळ निघते, आणि जागा अगदी ऑगस्टमध्येही मोकळी होते. त्या फोनचा नंबर अनोळखी असतो, गाडीची वॉरंटी विकणाऱ्यांचा असतो तसाच. उत्तराला एखाद-दोन दिवसच मिळतात, तेव्हा व्हॉइसमेल भरलेला नको. मावशीचे सुप्रभातचे निरोप आजच पुसून टाका.