लांबून नको, मोर्चाच्या पुढे चाला

मोर्चाचे फोटो कसे काढावेत यावरच्या लेखात नवख्यांना ‘मोठी झूम लेन्स घ्या आणि लांबूनच टिपा’ असं सुचवलंय, ते काही पटलं नाही. लांबून नुसती डोकी आणि झेंडे येतात. २८ किंवा ३५ मिमीची, म्हणजे जवळून बरंच काही चौकटीत घेणारी लेन्स लावून मोर्चाच्या पुढे उलटं चालत राहा (मागचा खड्डा सांगायला सोबत कुणीतरी हवंच!). मग घोषणा देणाऱ्याच्या गळ्यातल्या ताणलेल्या शिरा दिसतात, पुठ्ठ्यावर ओळीच्या शेवटी दाटीवाटीने कोंबलेली अक्षरं दिसतात. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवला की उंचावलेल्या मुठी धूसर येत नाहीत. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या मोर्चात, पेंटॅगॉनसमोर (अमेरिकेचं संरक्षण मुख्यालय) फ्रेंच छायाचित्रकार मार्क रिबू यांनी टिपलेली, संगिनींसमोर फूल धरलेली मुलगी आठवा. तिच्या मागची हजारोंची गर्दी त्या फोटोत नाहीच.

नको म्हणणाऱ्याचा चेहरा टिपू नये, याबद्दल मात्र लेखकाशी शंभर टक्के सहमत. कुणी हात आडवा केला की कॅमेरा खाली घ्यायचा, ‘सार्वजनिक जागा आहे’ म्हणून हुज्जत घालत बसायचं नाही. मोबाइलवरचे फोटो टाकण्याआधी त्यातली लोकेशनची नोंदही काढून टाका, ती मूळ फाइलमध्ये तशीच राहते. आणि पोलीस मागे सरा म्हणाले तर सरा, फोटो तिथूनही मिळतो.