‘सायकलवाल्याला पिलाटीस कशाला?’ या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “पिलाटीस हा बायकांचा व्यायाम. सायकल चालवली की पोट-कंबर आपोआप तयार होते. पडलात तर हाड जुळेपर्यंत झोपून राहा, मग जोर-बैठका मारा आणि थेट पन्हाळा चढा.” कॉलरबोन (गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड) मोडल्यावर मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितोय. पिलाटीस म्हणजे श्वासाकडे लक्ष देत, सावकाश हालचालींनी पोट-कंबरेचे आतले स्नायू बळकट करणारा व्यायाम.

बायकांचा व्यायाम? ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते जोसेफ पिलाटीस १८८३ साली जर्मनीत जन्मले, बॉक्सिंग करायचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत ठेवलं, तिथं ते इतर कैद्यांकडून व्यायाम करून घेत. आणि बायका करतात म्हणून व्यायाम हलका, हे मला मुळातच मान्य नाही.

सायकलनं कंबर तयार होते, हा सगळ्यात घातक गैरसमज. सायकलवर आपण तासन्‌तास पुढे वाकून एकाच स्थितीत असतो. पाय फिरतात, धड जागचं हलत नाही. पॅडल दाबताना कमरेला धरून ठेवतात ते पोटातले आडवे स्नायू आणि मणक्यालगतचे बारीक स्नायू. ते थकले की बूड सीटवर डावी-उजवीकडे डुलतं, भार हातांवर येतो, कंबर भरून येते. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की माझ्या पायांत दम असायचा, पण कंबर आधी जायची. मागून येणाऱ्या मित्रानं मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा कुठं कारण कळलं.

तालमींच्या गावात जोर-बैठकांविरुद्ध मला बोलायचं नाही. धडधाकट माणसाला जोर उत्तमच. पण त्यात बराचसा भार हात-खांद्यांवर येतो. नुकत्याच जुळलेल्या हाडाला तो सोसत नाही. पिलाटीस उताणं झोपून सुरू करता येतं. गुडघे वाकवायचे, श्वास बरगड्यांत भरायचा, सोडताना बेंबी आत घ्यायची आणि कंबर जराही हलू न देता एकच पाय उचलायचा. फिजिओथेरपिस्टनं हे करायला लावलं, तेव्हा पाचव्या खेपेलाच माझा पाय थरथरू लागला. वर्षानुवर्षं जोर मारून जो कच्चेपणा दिसला नव्हता, तो तिथं दिसला. घरी सतरंजीवर आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं केलं. महागडं मशीन लागलं नाही.

झोपून राहण्याबद्दल एवढंच: मोडलेल्या हाडाला विश्रांती हवीच, पण बाकीचं शरीर पडून राहिलं की कमकुवत होतं.

पिलाटीसला जादू मात्र कुणी समजू नये. जुन्या कंबरदुखीवरच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था), काहीच न करण्यापेक्षा पिलाटीसचा उपयोग दिसला, इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय डिस्कचा त्रास असेल तर पाठ गोल करून उठण्याचे प्रकार त्रास वाढवू शकतात. काय करायचं आणि कधीपासून, ते आपला एक्स-रे पाहिलेल्या डॉक्टरांना विचारा.