सोनेरी कव्हर आणि पान एक्सएक्स

काल इंदूरच्या रामबागेत आमचा भूमिका-खेळ (एकेकाने एकेक पात्र होऊन टेबलाभोवती खेळायचा कथाखेळ) ऐन भरात असताना पाऊण तास बंद पडला. एक पात्र नदीत पडलं आणि दम किती फेऱ्या धरता येतो, हे त्याच्या साडेसात हजार रुपयांच्या नियमपुस्तकात कुणालाही सापडेना. पान १८६ वर काय छापलंय माहितीये? ‘बुडण्याचे नियम : पाहा पान एक्सएक्स.’ शिवलेल्या बांधणीच्या, सोनेरी फॉइलच्या पुस्तकात! पानांची मांडणी होईपर्यंत क्रमांक ठरत नाही, म्हणून ‘एक्सएक्स’ ही खूण ठेवतात, इतपत ठीक. पण छपाईला फाइल देण्याआधी ती शोधून भरायची असते ना? कंट्रोल-एफ. शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि अशा जागा एक नाही, एकोणीस आहेत. मोजल्यात.

बरं, कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या शेवटच्या सूचीत बघावं तर सूचीच नाही! ३२० पानांचं नियमांचं पुस्तक आणि सूची नाही. जागा नव्हती हे कुणी सांगू नये. ३२० म्हणजे सोळा पानांचे बरोबर वीस फर्मे (एका कागदावर छापून दुमडलेले गठ्ठे). शेवटच्या फर्म्यात दोन पानं प्रकाशकाच्या पुढच्या पुस्तकांच्या जाहिराती, आणि दोन पानं तोच नकाशा, जो कव्हराच्या आतल्या अस्तरावर आधीच छापलाय. तीच चार पानं घ्या, तीन रकाने करा, सात पॉइंटात लावा. आठ-नऊशे नोंदी आरामात बसतात. फर्मा वाढत नाही, कागद वाढत नाही. फक्त कुणीतरी बसून ती करायला हवी होती.

पैसा कुठे गेला ते पुस्तक उचललं की कळतं. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर, लेटर आकार (साडेआठ बाय अकरा इंच), म्हणजे पुठ्ठा सोडून नुसता कागदच सव्वा किलो. १०० जीएसएम घेतला असता तर सुमारे २९० ग्रॅम वाचले असते, आणि बाहेरून येणाऱ्या पार्सलमध्ये आपण वजनाचेच पैसे मोजतो. वर २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसवलंय ते वेगळंच. फॉइलसाठी खास ठसा, कव्हरावर जागोजागी चकचकीत लेप (स्पॉट यूव्ही), खुणेसाठी दोन रेशमी फिती. दोन! कोणत्या पानावर घालायच्या, एक्सएक्सवर?

आता मजकुराचा हिशेब करा. सुमारे १,८०,००० शब्द. संपादक तासाला दीड हजार शब्द नीट तपासतो असं धरलं तर १२० तास. पानं लागल्यावर मुद्रितशोधन, तासाला अडीच हजार शब्दांनी, ७२ तास. एका माणसाचं चोवीस दिवसांचं काम! श्रेयनामावलीत नऊ चित्रकार आहेत, आणि संपादक म्हणून खुद्द लेखकाचंच नाव. मुद्रितशोधकाचं नावच नाही. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, कारण डोळा लिहिलेलं वाचतच नाही, मनातलं वाचतो. म्हणून तर दुसरा माणूस लागतो.

तो नसला की काय होतं ते पान ९४ वर बघा. नियम म्हणतो, चिलखत इजेतून वजा करा. खालचं उदाहरण चिलखत लक्ष्याच्या आकड्यात (वार लागायला जो गाठावा लागतो) मिळवतं. म्हणजे चाचणीच्या मसुद्यातला जुना नियम बदलला आणि उदाहरण तसंच राहिलं. टेबलावर निम्मे लोक नियम वाचतात, निम्मे उदाहरण, आणि भांडण लागतं. शिवाय छपाईसाठी लोकांकडून निधी गोळा होताना ‘इतके जमले की आणखी चाळीस पानं’ म्हणून जे अध्याय चिकटवले, त्यात पात्राची तीच स्थिती कुठे ‘सुन्न’ आहे, कुठे ‘बधिर’. एक की दोन? खेळ चालवणाऱ्याने ठरवावं!

हा रोग जुनाच आहे. नव्वदच्या दशकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या प्रकाशकांनी, टीएसआरने, ‘मेज’ (mage, म्हणजे जादूगार) या शब्दाच्या जागी सरसकट ‘विझर्ड’ घातलं आणि ‘डॅमेज’चं ‘डॅविझर्ड’ झालेलं छापून बाहेर पडलं. त्याच खेळाच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकला सूची होती, पण मुंगीच्या अक्षरात, आणि कितीतरी ठिकाणी पान क्रमांकाऐवजी ‘अमुक पाहा’. इतकी वर्षं झाली, काहीच शिकायचं नाही?

आणि ती जुनाट चर्मपत्राची पार्श्वभूमी! प्रत्येक पानाखाली तपकिरी डाग, त्यावर करडी अक्षरं. खजुरी बाजारात झेरॉक्स काढली की पान काळं येतं. राक्षसाची आकडेवारी पान उलटून मागे जाते, म्हणजे लढाईत सतत पानं फडफडवत बसा. कोऱ्या पांढऱ्या पानावर, काळ्या शाईत, एक राक्षस एका पानावर. यात खर्च वाढत नाही, कमी होतो.

आता प्रकाशक म्हणतात, पीडीएफ दुरुस्त करून देऊ, चुका कळवा. आधी पीडीएफ देऊन, महिनाभर चुका गोळा करून मग छापणं ही चांगली पद्धत आहे, कितीतरी छोटे प्रकाशक तसंच करतात. पण यांनी आधी छापलं, आणि आता आपल्याकडून फुकटात मुद्रितशोधन करून घेताहेत. आमच्या हातातला सव्वा किलो कागद कसा दुरुस्त होणार भिया?

ज्यांच्याकडे ही प्रत आहे त्यांनी सांगा, बुडण्याचा नियम कुठे सापडला का? पहिल्या पाच अध्यायांत नाही. पुढच्या शनिवारच्या खेळापर्यंत ते पात्र पाण्याखालीच आहे.