टॅग ठोका आणि गावची बस पकडा

सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन, म्हणजे रिलीज, काढायचा म्हणजे मुहूर्त महत्त्वाचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहासारखा मुहूर्त पंचांगात शोधून सापडणार नाही. निम्मी टीम गावच्या बसमध्ये, उरलेली टपरीवर, ऑन-कॉलवाल्याचा फोन सायलेंटवर. मंगळवारी सकाळी काढला तर काय, मोडलं तरी माणसं जागेवर असतात, अर्ध्या तासात दुरुस्त, त्यात काय मजा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची अपडेट गेली तोही शुक्रवारच होता बरं का. थोड्या मशीन्सवर टाकून बघू वगैरे भानगडच नाही, सगळीकडे एकदम, आणि साधारण 85 लाख विंडोज मशीन्स निळ्या पडल्या. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. एवढं नाव व्हायला नशीब लागतं.

आता व्हर्जन नंबर. सेमव्हर म्हणून एक प्रकार आहे, त्यात तीन आकडे, जुनं काही मोडणार असेल तर पहिला वाढवा, नवीन फीचर असेल तर दुसरा, नुसता बग काढला तर तिसरा. तुम्ही कायम तिसराच वाढवा. फंक्शनचं नाव बदललं? तिसरा. फंक्शनच उडवलं? तिसराच. लोकांच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे कोणाकोणाचा कोड वापरतो त्या यादीत, नंबरच्या डोक्यावर एक छोटी टोपी (^) असते, तिचा अर्थ पहिला आकडा तोच राहिला तर पुढची व्हर्जन्स बिनधास्त घ्या, म्हणजे ते बिचारे तुमच्या भरवशावर बसलेत आणि टोपी त्यांनी आधीच घालून ठेवलीय, तुम्हाला वेगळी घालायची पण गरज नाही.

नाहीतर सरळ शून्य पॉइंट काहीतरीवर राहा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत कधीही काहीही बदलू शकतं, असं नियमातच लिहिलंय. पाच वर्षं लोक प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामाला, वापरतायत तरी शून्यच. ओसी न मिळालेल्या बिल्डिंगसारखं, माणसं राहायला आली, गणपती बसले, पाणी अजून टँकरचं.

चेंजलॉगमध्ये, म्हणजे काय बदललं त्या यादीत, एकच ओळ, 'किरकोळ सुधारणा'. दरवेळी तीच.

आणि माझी सगळ्यात आवडती ट्रिक. गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, 1.4.0 चा टॅग मारला, म्हणजे कोडवर नंबरची चिठ्ठी लावली, सर्व्हरवर पुश केला, आणि मग दिसलं की एक फाइल राहिली. सरळमार्गी माणूस 1.4.1 काढेल. तुम्ही टॅग उडवा, नवीन कमिटवर, म्हणजे बदललेल्या कोडवर, तोच टॅग परत मारा आणि फोर्स पुश, म्हणजे जबरदस्तीने सर्व्हरवर चढवा. एनपीएम आणि पायपीआय या पॅकेज वाटणाऱ्या साइट्सवाले कटकटे आहेत, गेलेल्या नंबरवर दुसरा कोड चढवूच देत नाहीत, पण गिटवर आपलंच राज्य. हे मी स्वतः केलंय. शेजारच्या मित्राने आधीच फेच केलं होतं, म्हणजे टॅग स्वतःकडे उतरवून घेतला होता, आणि गिट एकदा आणलेला टॅग आपणहून बदलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे जुना कोड, सर्व्हरवर नवा, दोन्हीकडे 1.4.0. दोन तास भांडलो आम्ही, दोघंही बरोबर होतो.

बिल्ड, म्हणजे कोडचं पॅकेज बनवणं, मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरच करा, सीआय, म्हणजे सर्व्हरवर आपोआप बिल्ड, वगैरे हौशी लोकांसाठी. पासवर्डवाली डॉट ईएनव्ही फाइल पॅकेजात गेली तर जाऊ दे, घरचीच आहे. आणि टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना वाटायच्या गठ्ठ्यात, जे गेलं ते रेपोत, म्हणजे गिटमधल्या मूळ कोडात, आहे का हे चुकूनही ताडून बघू नका. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, निघालं, ते जागं करणारा तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हताच. सापडलं कसं, तर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एक जण खोदत बसला. अर्ध्या सेकंदासाठी! अशा रिकामटेकड्या माणसांपासून जपा.

शनिवारी सकाळी इश्यू आला की 'माझ्या मशीनवर चालतंय' लिहून बंद करा. दहा जण ओरडायला लागले तर 1.4.1 काढा, आणि काय बदललं म्हणून कोणी विचारलंच, तर किरकोळ सुधारणा.