गाडी फ्रेमच्या मधोमध आहे, पण शॉट कुठाय?

ड्रोनच्या ऑटो ट्रॅकिंगवर, म्हणजे ड्रोनला आपोआप मागे लावून काढलेले गाड्यांचे व्हिडिओ हल्ली इतके दिसतात, की पहिल्या दोन सेकंदांत कळतं, पुढचं अर्धा मिनिट काय बघायला लागणार आहे. ड्रोन गाडीच्या मागे, थोडा वर. गाडी बरोबर मधोमध. अंतर कायम, उंची कायम. गाडी खरी पळत असते, पण पडद्यावर ती जागची हलत नाही. खेळण्यातली गाडी टेबलावर ठेवून खालून रस्त्याचा पट्टा ओढावा, तसं ते दिसतं.

माझं मत सरळ आहे. ट्रॅकिंग वापरा, जरूर वापरा, पण कॅमेरा वळवण्यापुरतं. ड्रोन कुठून कुठे जाणार हे त्याच्यावर सोडू नका.

डीजेआय या चिनी कंपनीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये स्क्रीनवर गाडीभोवती चौकट ओढली की पर्याय येतात. त्यातला ॲक्टिव्हट्रॅक सगळ्यांच्या ओळखीचा: ड्रोन स्वतः उडतो, स्वतः मागे लागतो. शेजारीच स्पॉटलाइट असतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. कारण तो चालू केला तरी ड्रोन काहीच करत नाही, हवेत नुसता उभा राहतो. पण त्याचं तोंड गाडीवर खिळलेलं असतं. उडवायचं तुम्ही. समोरून खालच्या उंचीवर गाडीकडे जा, ती शेजारून निघून जाऊ द्या, मग वर चढा. कॅमेरा गाडीला सोडत नाही. शिवाय डावी-उजवीकडे तोंड वळवणारी स्टिक इथे फ्रेम सरकवायच्या कामी येते. म्हणजे गाडी मधून बाजूला घ्या आणि ती जिकडे चाललीय तिकडे मोकळी जागा सोडा. एवढ्या एका गोष्टीने शॉटमध्ये जीव येतो.

पूर्वी या कामाला दोन माणसं लागायची, मोठ्या शूटिंगला आजही लागतात. डीजेआयच्याच २०१४ च्या इन्स्पायर १ ड्रोनमध्ये दोन रिमोटची सोय होती ती यासाठीच: एकाने उडवायचं, दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा. स्पॉटलाइट त्या दुसऱ्या माणसाचं काम करतो. ॲक्टिव्हट्रॅक मात्र पहिल्याचं कामही अंगावर घेतो, आणि त्यात तो कच्चा आहे. शॉट कशासाठी चाललाय, पुढचं वळण महत्त्वाचं की मागचा डोंगर, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त अंतर राखायचं असतं.

तंत्रज्ञान वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. सुरुवातीचे ‘फॉलो मी’वाले ड्रोन खिशातल्या फोनच्या किंवा रिमोटच्या जीपीएसमागे जायचे, गाडी त्यांना दिसतच नसे. डीजेआयच्या २०१६ च्या फँटम ४ मध्ये चित्रातली वस्तू ओळखून मागे जाणं आलं. २०१८ च्या स्कायडिओ आर१ वर तर तेरा कॅमेरे होते आणि झाडांतून वाट काढणं त्याला खरंच जमायचं. (त्या कंपनीने २०२३ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचे ड्रोन बंद केले, याची हळहळ मला अजून वाटते.) एकटा सायकलस्वार मोकळ्या कच्च्या वाटेवर असेल, उडवायला दुसरं कुणी नसेल, तर ऑटोच बरं.

रस्ता आणि गाडी म्हटलं की मात्र अडचणी सुरू होतात. ट्रॅकिंगला कळतो तो रंगाचा, आकाराचा एक ठिपका. गाडी झाडाखाली शिरली की मघाच्या वेगावरून आणि दिशेवरून ते अंदाज बांधतं. तेवढ्यात गाडी वळली तर गेली. बाहेर पडताना शेजारी त्याच रंगाची दुसरी गाडी असेल तर ड्रोन खुशाल तिच्या मागे जातो. डोक्यावरून घेताना आणखी एक गंमत: बाजूने ओळखलेली गाडी वरून नुसतं छप्पर दिसते.

अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत ना, असं लोक म्हणतात. वीजतारा आणि निष्पर्ण फांद्या त्यांना धड दिसत नाहीत, अंधार पडायला लागला की आणखी कमी. डीजेआयच्या मॅविक एअर २ ला तर बाजूचे सेन्सरच नव्हते, आणि गाडीला समांतर जाणारा शॉट म्हणजे आडवं उडणं! सेन्सरने अडथळा वेळेत ओळखला तरी ड्रोन ब्रेक मारतो. ड्रोन वाचतो, शॉट जातो.

वेगाचंही तेच. डीजेआयचा छोटा मिनी ४ प्रो स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगवान सेटिंगवर, सेकंदाला १६ मीटर, म्हणजे ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास जातो, तेही वारा नसताना आणि अडथळे टाळणं बंद ठेवून. समोरून वारा असला की यातला बराच भाग त्यातच खर्च होतो. म्हणून गाडी पळवू नका. ताशी तीस-पस्तीसने जाणारी गाडीसुद्धा भन्नाट दिसते, ड्रोन खाली असेल आणि मध्ये झुडपं, खांब, कठडे सरकत असतील तर. उंचावरून शंभरने जाणारी गाडीही रांगते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) लावा, रस्ता पुसट ओढला जाईल.

स्वतः गाडी चालवत ड्रोन मागे लावणाऱ्यांबद्दल मात्र मला अजिबात सहानुभूती नाही. नियम करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. युरोपात ‘फॉलो मी’साठी ड्रोन सतत नजरेत ठेवण्यातून सूट आहे, पण ती उडवणाऱ्यापासून ५० मीटरपर्यंतच. तुम्ही रस्त्याकडेला उभे असाल तर ताशी ३६ किलोमीटरने गाडी ते अंतर पाच सेकंदांत ओलांडते. अमेरिकेत व्यावसायिक नियमांखाली चालत्या गाडीतून ड्रोन उडवायला विरळ वस्तीचा भाग लागतो. नियम बाजूला ठेवले तरी, स्टिअरिंग आणि स्क्रीन या दोन्हींकडे एकाच वेळी बघता येत नाही.

रिटर्न टू होमचंही, म्हणजे ड्रोनच्या आपोआप परत येण्याचंही बघून ठेवा. होम पॉइंट जिथून उडवलं तिथेच राहिलेला असतो, तुम्ही गाडीबरोबर पुढे गेलेले असता आणि बॅटरी संपत आली की ड्रोन मागे, त्या रिकाम्या जागी परततो.

आणि चालवणाऱ्याशी आधी बोला. कुठून वेग पकडायचा, तो कुठपर्यंत एकसारखा ठेवायचा, ड्रोन दिसेनासा झाला तरी थांबायचं नाही, हे त्याला नीट सांगा. शॉट बिघडायचं सगळ्यात नेहमीचं कारण ट्रॅकिंग नसतंच. ड्रोन आलाय का हे बघायला चालवणारा हळूच ब्रेकवर पाय ठेवतो.